पाणी घरात घेताना

कुलथेबाईंनी आकडा सांगितला तेव्हा
मिस्त्रीने हातातलं घमेलं खाली ठेवलं.
आठ फूट लांब, अडीच रुंद, अडीच उंच.
चौदाशे लिटर पाणी, वर काच, वाळू, दगड,
म्हणजे दोन टन, ताई.
दोन टन म्हणजे चार म्हशी
दिवाणखान्यात, कायमच्या, उभ्या.

तळमजला म्हणून होकार मिळाला.
फरशी उकरली, मुरूम ठोकला,
सळ्यांची जाळी, काँक्रीट, एकवीस दिवस पाणी मारणं.
आणि मधली भिंत, जिच्यावर पंधरा वर्षं
गॅसवाल्याचा नंबर पेन्सिलीने लिहिलेला होता,
एका दुपारीत गोण्यांत भरून गेली.

नाना खुर्चीसकट या खोलीतून त्या खोलीत
सरकवले जात होते.
भांडीबाजारात पन्नास वर्षं दुकान केलेला माणूस,
पाणी म्हटलं की त्यांना शटरची खालची पट्टी आठवते.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की पितळ माळ्यावर,
कमरेला लागलं की तांबं,
छातीला लागलं की गल्ला उचलायचा आणि निघायचं.
एका वर्षी निघायला उशीर झाला.
हंडे दुकानातून आपापले बाहेर पडले,
एकमेकांवर आपटत, वाजत,
वरात निघाल्यासारखे.

"जन्मभर पाणी उंबऱ्याबाहेर ठेवायला मेलो,
आणि तू पैसे मोजून आत घेतेस."
एवढंच म्हणाले. मग चहा मागितला.

काच आली ती दाराची चौकट बसायच्या आधी.
वडाळा नाक्याहून मोईन आणि त्याची पाच माणसं,
हातांत रबरी चोषक, तोंडात नुसतं हळू, हळू, हळू.
चौकट लागली की हे बाहेर निघणार नाही, मोईन म्हणाला,
घर विकाल तेव्हा याच्यासकट.
सिलिकॉनचा आंबट वास आठवडाभर.
आमटीसुद्धा त्याच चवीची.

भरायच्या दिवशी नाना आतून तांब्याचा गडू घेऊन आले,
ठोक्याचा, दुकानातला शेवटचा. पहिलं पाणी यातून घाल.
मला सांगावं लागलं,
तांबं नको, नाना. कोळंबी सोडायची आहे,
तिला ते विष असतं.
त्यांनी गडूकडे पाहिलं,
पन्नास वर्षं शुद्ध म्हणून विकलं त्याच्याकडे.
आणि स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला.

मग नळाला पाइप. गंगापूर धरण तासाला चार बोटं
आमच्या भिंतीत चढत राहिलं.

गळतीची चाचणी दोन रात्रींची.
सांध्यांखाली वर्तमानपत्रं अंथरायची,
ओल आली तर कागद आधी सांगतो.
मी जागणार होते. खोटं कशाला बोलू, झोप लागली.
तीनला उठले तर नाना खुर्चीत, हातात टॉर्च.
काचेवर पेन्सिल उमटेना म्हणून
माझ्या टिकल्यांचं पाकीट घेतलेलं,
पाण्याच्या रेघेवर एक लाल टिकली.
बोटाच्या पेराने काच वाजवत होते.
टण्. कान लावायचा. सरकायचं. टण्.
गिऱ्हाइकाला हंडा द्यायच्या आधी वाजवत, तसं.
"बद्द नाही वाजत," म्हणाले, "अंगात चीर नाही."

सकाळी पाणी टिकलीच्या केसभर खाली.
माझ्या पोटात गोळा.
"हवा पिते गं थोडं. उघड्या पातेल्याचं असंच."
कागद कोरडे होते. राशिभविष्यसुद्धा.

मासे महिन्याभराने. आधी पाणी पिकावं लागतं,
डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी
त्यात राहायला यावं लागतं.
तोवर दिवा, वाळू, विकतचे दगड, पंपाची गुरगुर.
शेजारचे येतात, विचारतात, मासे कुठायत?
नाना काचेसमोर खुर्ची ओढून बसलेले.
"अजून दुकान मांडलं नाही," सांगतात,
आणि टिकली तेवढी कुणाला काढू देत नाहीत.