दीड एकर मालदांडी

मंगळवेढ्याच्या या शिवारात यंदा
आमचीच तेवढी ज्वारी.
नदीकडं माचणूरपर्यंत ऊस,
अलीकडं रेवप्पाचं डाळिंब, जाळीखाली.

आधी पाखरं वाटून खायची,
शंभर रानांतनं चार-चार दाणे.
आता सगळ्या शिवाराची भूक
आमच्याच कणसांवर उतरते.

कस्तुरा माळ्यावर, हातात गोफण.
शाळेतनं आलेला बसू डबा बडवतो.
"पुढल्या साली मोडू हे," मी म्हणतो.
ती गोफणीत खडा घालते:
"रेशनचा गहू मिळंल, अंगठा उमटला तर.
कडब्याला आलेल्या म्हशीला
काय अंगठा दाखवू?"

काढणीला माणूस नाही,
टोळ्या उसाला गेलेल्या.
दोघंच उपटत गेलो, मुळासकट,
भेगांत बोटं सोलून.
सहा पोती झाली.
सहा कसली, साडेपाच.

सांजेला रेवप्पा दारात,
खिशात डाळिंबाच्या नोटा.
"दोन पायल्या द्या. म्हातारीला भाकरीच लागते."
कस्तुरानं माप भरलं, शीग लावली,
पैसे मोजून घेतले.

"तुझ्या रानातली पाखरं
सालभर आमच्यात जेवली, रेवप्पा.
दोन काकऱ्या तू बी पेर."

तो हसला नाही.
सांडलेले दाणे टिपत बसला,
अंधार पडेपर्यंत.