तळटीप

पहिल्या पुस्तकावर तिचा फोटो नव्हता.
ओहायोतल्या बायकांची पत्रं यायची:
अगदी आमच्याच घरातलं लिहिता हो.
दुसऱ्यावर फोटो छापला.
पोस्टमन मग नुसती बिलं आणायचा.

तिच्या कथा मी मराठीत करतेय,
कोथरूडच्या भाड्याच्या खोलीत.
अडलेय एका शब्दाशी.
वाणी ज्या शब्दाने त्या पोराला हाक मारतो, तो.
'काळ्या' लिहून भागत नाही.
काळे तर मालकीणबाईंचे जावईही आहेत,
हॉलमध्ये हार घालून, हसत, सपत्नीक.

भागेल असा शब्द मला येतो.
बापाने ऐकलेला, खडकीच्या कारखान्यात,
पाण्याच्या नळापाशी.
पेन बराच वेळ हातात धरून
तो लिहिला.

अप्पा बळवंत चौकात संपादक म्हणाले,
"इथे एक तळटीप टाका,
की हे सगळं तिकडचं."
चहा मागवला.
कप दोन्ही सारखेच होते.
मी बघून घेतलं.

जिन्यात मालकीणबाई:
"पुस्तक येतंय म्हणे! नाव पूर्ण छापणार ना?"

दारावरच्या पाटीवर नुसतं 'विशाखा'.
पाटीवाल्याने पुढे, सवयीने,
चार अक्षरांची जागा सोडलीय.