भाड्याची आयव्ही

दर दुसऱ्या मंगळवारी मी येतो,
मरोळच्या या काचेच्या इमारतीत,
सामानाच्या लिफ्टने बाराव्या मजल्यावर.
एका हातात बादली, दुसऱ्यात जुना बनियन.
पानं पुसायला त्याच्याइतकं मऊ काही नाही.

इथल्या खिडक्या उघडत नाहीत.
बाहेर मे महिना काचेला नाक लावून उभा,
आत बावीस डिग्री.
आयव्ही थंड मुलखातली.
तिला मुंबईत अशीच जागा मानवते
आणि अशीच जागा सुकवतेही:
हवा गार, पण कोरडी,
पानांच्या कडा विझलेल्या विडीसारख्या तपकिरी.

म्हणून तिला एसीच्या झोतातून उचलली,
झेरॉक्स मशीनच्या पलीकडे ठेवली.
पुढच्या खेपेला बघतो तर परत झोताखाली.
"तिथे छान दिसते," एचआरच्या मॅडम म्हणाल्या.
छान दिसणं आणि बरं असणं
यातला फरक मी सांगितला नाही.
भाड्याच्या बिलावर सही त्यांची असते.

पान उलटून बघावं. नेहमी.
वरून हिरवंगार, आणि पाठीला
टाचणीच्या टोकाहून बारीक लाल कोळी,
जाळं असं की श्वासानं हलेल.
मग कुंडी पॅन्ट्रीच्या सिंकमध्ये आडवी,
नळाखाली पानं धुवायची, पाठीकडून,
आई शाळेआधी कानामागे घासायची तशी.
रमाकांत कुरकुरतो, चहाचे कप बाजूला घेतो.

पाण्याचं मातीला विचारायचं, बोट घालून.
पहिल्या पेरापर्यंत कोरडी लागली तरच.
इथे मुळं तहानेनं मरत नाहीत,
जो येतो तो बाटलीतलं उरलेलं ओततो,
कुणी गार झालेली कॉफी.
मातीत मला सापडलंय:
यू-पिना, बडीशेप, पार्किंगची पावती,
एकदा लाल नेलपॉलिशचं तुटकं नख.

फक्त टिपणीस सरांनी कधी काही ओतलं नाही.
अकाउंट्समध्ये, कोपऱ्यात बसायचे.
त्यांच्या पार्टिशनच्या कापडावर
ती दोन वर्षांत अडीच वीत चढली,
ते डायरीत पेन्सिलनं लिहायचे:
"१४ ऑगस्ट. नवं पान. पाणी नको."
मला दाखवायचे. मी खाली सही करायचो.
हा हिशेब कुणी मागितलेला नव्हता.

आज त्यांचं टेबल पुसलेलं.
खुर्चीही नाही.
मी रमाकांतकडे बघितलं,
त्यानं एक कप उपडा घातला आणि नळ सोडला.
पार्टिशन जाणारे, वेल उतरव, म्हणाले.

वेल ओढायची नसते.
केसाएवढी मुळं तिनं कापडात रोवलेली,
नख लावून एकेक सोडवावी लागतात.
पाऊण तास लागला.
तरी खुणा राहिल्याच, ओळीनं, खालपासून वरपर्यंत,
आकडे तपासून
बरोबरच्या खुणा करत जावं तशा.

कुंडी कंपनीची.
ती आता गोरेगावच्या शेडमध्ये, हिरव्या जाळीखाली महिनाभर,
मग दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलाशी.
शेंड्याचा तुकडा मी पेराखाली कापला,
खालची दोन पानं काढली.
रमाकांतनं लोणच्याची बाटली
तीन वेळा साबणानं धुऊन दिली, न मागता.

आमच्या खोलीत एसी नाही.
मोरीची खिडकी उत्तरेला आहे, तेवढंच.
जगेल असं सांगत नाही.
कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी,
बायकोची पेन्सिल घेऊन लिहिलं:
मूळ नाही अजून. पाणी बदललं.