बाकी देणे: बारा

स्मरणिकेसाठी देवळाचा इतिहास लिहून द्या, म्हणाले पंच.
शब्दमर्यादा पाचशे, फोटो असल्यास उत्तम.
फोटो एकच आहे. त्यात देऊळ कमी, धूळ जास्त.

तुर्भ्याच्या डोंगराला खाण लागली तेव्हा
गुंटूरहून आलेली लुथरन माणसं, तीसेक घरं,
आठवडाभर दगड फोडायची
आणि रविवारी लाकडात बसायची.
एवढा दगड असताना लाकूड का?
दगड मालकाचा. ब्रासवर मोजलेला.
होडी कुणाचीच नव्हती,
वाशीच्या खाडीत चिखलात पालथी पडलेली,
असं मला सांगितलं होतं.

गोमा मढवीला देऊळ बांधता येत नव्हतं,
होड्या येत होत्या.
त्याने चार खांबांवर होडीच चढवली, तश्शीच पालथी,
म्हणाला, घ्या छप्पर.
पाणी खालून येवो की वरून, हिला सगळं सारखं.

वेदी सुरुंगाच्या खोक्यांची. पांढरा कपडा पुरायचा नाही.
प्रभुभोजनाला मोठी माणसं गुडघे टेकायची,
शेजारी उभ्या माझ्या डोळ्यांसमोर नेमकं यायचं
लाल रंगातलं ‘धो’.
‘का’ कपड्याखाली.
बरीच वर्षं मला ते प्रभूचंच एखादं नाव वाटायचं.

बुधवारच्या प्रार्थनेत सहाची शिट्टी झाली
की माझे आजोबा येसुपादम उपदेशक
वाक्य अर्ध्यावर सोडायचे.
सगळे बाकांखाली.
धमाका. छपरावर खडी.
मग उरलेलं वाक्य.

नोंदवही तेलुगूत. मी शिकलो मराठी शाळेत,
आजोबांचं अक्षर मला नुसतं गोल दिसतं.
सुवार्तम्मा वाचते, मी उतरवून घेतो.
मरणाच्या पानावर कारणाचा रकाना:
ताप. खाण. बाळंतपण. खाण. खाण. साप.
खाण.
तिथे तिचं बोट पुढे सरकत नाही.
मी चहा ठेवायला उठतो.

खाणी बंद झाल्या. माणसं पांगली, दिघा, नेरूळ, काही परत गावाला.
नवं चर्च सिमेंटचं आहे, लिफ्टसकट.
जुन्याला वाळवी. मार्चमध्ये उतरवलं.
दर नाताळला चढवलेला रंग खरवडला
तर आढ्यालगतच्या फळीवर अक्षरं निघाली, उलटी:
एकवीरा आई प्रसन्न.
पंच गप्प. एक जण म्हणाला, हे इतिहासात नको.
सुवार्तम्मा म्हणाली, मला कुठे मराठी वाचता येतं,
पण होडी कुणाची तरी असणार, एवढं कळत होतं.

पहिल्या पानावर स्थापनेची तारीख नाही.
एवढंच आहे:
होडी, एक, फुटकी. मजुरी धरून एकशे साठ.
दिले एकशे अठ्ठेचाळीस. बाकी देणे: बारा.

मढव्यांचं घर आता साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर,
चार मजले, खाली चिकन सेंटर.
गोमाच्या नातवासमोर, हरेशसमोर, मी बारा रुपये ठेवले.
तो हसला. नको म्हणाला. मग घेतले,
आणि व्याज कुठाय, असं विचारून चहा मागवला.
आजा सांगायचा, म्हणाला,
होडीचं सुकाणू त्याने तुमच्या देवळातच कुठेतरी बसवलंय.
सापडलं का?

मला आजोबांचा हात आठवला,
उपदेश करताना कायम एकाच लाकडावर टेकलेला,
घामाने काळं, गुळगुळीत झालेलं ते लाकूड.
भंगारवाल्याची पावती माझ्या खिशातच होती.
लाकूड, जुने, किरकोळ.
किलोवर.