तीस रतल

कंधारच्या किल्ल्यामागं, खंदकाच्या अंगाला
शरफोद्दीन कमानगराची पत्र्याची खोली.
दारावर पाटी : हाड बसवून मिळेल.
कमानींचं नावसुद्धा नाही.
ज्याला हवी असते तो विचारत विचारत येतो,
बाकीचे मनगट धरून येतात.

काजळीला बाहेर बाभळीला बांधलं,
आत जाऊन म्हटलं, कमान पाहिजे. घोड्यावरची.
त्यांनी कप बशीत पालथा घातला.
‘कुणाची?’
कुठल्या धाटणीची, असं विचारतायत
असं मला वाटलं.

वळणीवर पाच टांगलेल्या.
तुर्की, आखूड, ओठ आत दुमडून बसलेली.
मोगली, खेकड्याच्या जातीची,
चिल्ला उतरला की नांग्या एकमेकींत घालणारी,
पोटाला म्हशीचं शिंग, पाठीवर तात,
आणि लाखेच्या रंगात डाळिंबाची फुलं.
एक लांब कानांची, कुठल्याशा परदेशी चित्रावरून केलेली,
उसना कोट घालून लग्नाला आल्यासारखी.
एक सबंध पोलादाची. पावसाळ्यात सरस सुटायची भीती नाही
म्हणून शिबंदीला हीच देत, म्हणाले,
पण गारठ्यात मोडली
तर मारणाऱ्यालाच मारते.
पाचवी धामणाची, पाठीवर बांबूची पट्टी.
तिच्याबद्दल काही बोलले नाहीत.

मी अर्थातच डाळिंबाला हात घातला.
वर्ष लागतं तिला.
दिवाळीनंतर रोहूच्या फुग्याचा सरस,
फणीनं विंचरून तातेचे थर,
मग चैत्र-वैशाख माळवदावर.
‘हे ऊन कोकणवाले कुठून आणतील?’
आमच्या उन्हाबद्दल कुणी फुशारकी मारताना
पहिल्यांदाच ऐकलं.

किती रतल?
पंचेचाळीस.
ओढून बघते.
‘हल्लू.’
अर्ध्यावर आले तोच त्यांनी दोन बोटं
माझ्या उजव्या खांद्यावर ठेवली, सदऱ्यावरून,
जुन्या रेडिओवर स्टेशन शोधावं तशी.
‘हा निखळला होता. माळेगावच्या जत्रेत.
शिंगरावरून पडली होतीस तू.’
मी कमान खाली घेतली.
‘अब्बांनी बसवला. मी पाय धरले होते.
शिव्या दिल्यास. चांगल्या दिल्यास.’
मला फक्त तंबूचं कापड आठवत होतं,
त्याच्यावरचा पिवळा उजेड,
आणि कुणाच्या तरी हाताला येणारा मोहरीच्या तेलाचा वास.

‘खांदा तीसचा आहे,’ म्हणाले.
‘हौस कितीची का असेना.’

मग पाचही काखेत मारून बाहेर गेले,
माझ्याकडं पाठ करून, काजळीकडं.
तिच्या कानाशी एकेक चिल्ला छेडला.
पोलादाला तिनं दावं ताणलं, खूर आपटला.
लांब कानांचीचं वरचं टोक आयाळीत अडकलं,
आम्ही दोघांनी मिळून सोडवलं.
तुर्कीला कान मागं.
डाळिंब वाजलं, आणि ती थांबली.
मी श्वास धरून उभी.
कान मागंच गेले.
धामणाचा आवाज गोधडी झटकल्यासारखा.
काजळी कडब्यातून तोंड वर काढेना.

‘कुणाची, हे पहिल्यांदा विचारलं होतं मी.’

चार हजार. चिल्ल्याचे वेगळे.
अंगठ्यातली शिंगाची कडी त्यांनी फुकट दिली,
मापाला जरा सैल, आत चिंधी लाव म्हणाले.
डाळिंबावर त्यांनी परत गिलाफ चढवला
तेव्हा मी दाराकडं बघत होते,
म्हणजे बघत नव्हते.

मन्याडच्या कडेनं परतताना
तुरीच्या रानाला वळसा घालून काजळीला पळवलं.
पाठीवर धामण, हलकी, गुमान.
आजूबाजूला कुणी नाही असं बघून
मी लगाम सोडला, रिकामे हात वर केले,
आणि पंचेचाळीस रतल ओढले,
हनुवटीपर्यंत, कानापर्यंत, फुलांसकट.
खांद्यात टक्क झालं.
काजळीनं एक कान मागं वळवला,
पळणं थांबवलं नाही.