पेव

कुपवाडच्या एमआयडीसीत, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला खेटून
आमची प्रयोगशाळा. पाटी लहान आहे.
तासगावचे टेम्पोवाले अजून चुकून आत शिरतात,
"हितं माल ठेवून घेता का?"
वॉचमन ऐनापुरे म्हणतो, "हितं माणसं ठेवत्यात."
मी त्याला दोनदा बजावलं.
तिसऱ्यांदा नाही.

वडील हरिपूरला पेवांवर हमाल होते.
वर गवत, गवतात शेळ्या, आणि खाली
वर्षानुवर्षं अंधारात पिवळीधमक हळद,
जिला कीड लागत नाही, कारण किडीला तिथं श्वास नाही.
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
दोरीला कंदील बांधून आत सोडायचा.
विझला, तर थांबायचं.
एका वर्षी शिवगोंडाकाका थांबला नाही.

माझ्या खोलीत भिंतीवर ऑक्सिजनचा अलार्म आहे.
नायट्रोजनला वास नसतो, रंग नसतो.
दर सोमवारी अलार्म तपासायचा.
नऊ वर्षांत एक सोमवार चुकलेला नाही,
आणि का, ते मी ऑडिटरला सांगितलेलं नाही.

उणे एकशे शहाण्णव.
तिथवर एकदम जाता येत नाही.
मिनिटाला एक अंश, एवढंच उतरायचं;
घाई केली की पाण्याचे काटे होतात
आणि पेशी आतून फाटते.
"निजवायचं असतं," उपाध्ये मॅडम शिकवतात नव्या पोरांना,
"आपटायचं नसतं."
स्वतः रात्री अडीचला जाग्या असतात,
मोबाईलवर टाकीचं तापमान बघत.

म्हैसाळच्या इंदुबाई कागवाडे. वय एकोणसाठ.
शाळेत खिचडी शिजवायच्या.
हाडांच्या पोकळीत नको त्या पेशींना पेव फुटलेलं.
मिरजेच्या दवाखान्यात त्यांच्या रक्तातून
हव्या त्या वेचून घेतल्या, पाच तास,
सुपात तांदूळ निवडावेत तशा.
दोन पिशव्या. लेबल माझ्या हातचं.
जालीम औषधानं आतलं सगळं शेत जाळून झालं
की हेच बियाणं पुन्हा पेरायचं ठरलेलं.
जाळायच्या आधीच न्यूमोनिया आला.
अकरा दिवस.

मुलगा सह्या करायला आला.
एसटीत कंडक्टर; पेन स्वतःचं होतं.
"बघता येतंय का?"
येत नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं.
त्याच्या तोंडावर शील्ड चढवली, झाकण उचललं.
धुकं. खाली रॅक, रॅकवर आकडे.
तो बराच वेळ वाकून उभा राहिला.
मग म्हणाला, "आईला थंडी सोसायची न्हाई.
चैतातसुदिक स्वेटर लागायचा."
आणि फॉर्मवर, 'चाचणीसाठी वापरण्यास हरकत नाही',
त्या चौकटीत बरोबरची खूण केली,
तिकिटाला चिमटा मारावा तशी, न बघता.

गुरुवारी एक पिशवी काढली.
सदतीस अंशांच्या पाण्यात हलवत राहायचं,
गव्हाच्या दाण्याएवढा बर्फ उरेपर्यंत. मग थांबायचं नाही.
एक थेंब काचेवर. त्यात निळा रंग.
मेलेल्या पेशी निळा पिऊन घेतात.
जिवंत दारातच अडवतात.
मी मोजत गेले. शंभरात ब्याऐंशी
गोल, लखलखीत,
घरी कुणी नाही हे ठाऊक नसलेल्या.

पेव उघडलं की वडील एकच विचारायचे,
"गेली किती?"
उरली किती, ते व्यापारी विचारायचा.
रजिस्टरला मात्र उरल्याचाच रकाना आहे.
मी आकडा लिहिला. सही केली.
मग फॉर्मवरचा नंबर लावला, जे माझं काम नव्हतं.

"ब्याऐंशी," मी म्हणाले.
"कितीपैकी?"
"शंभर."
मागं स्टँडवर कुणीतरी जतची गाडी पुकारत होतं.
"म्हंजे फस्क्लास," तो म्हणाला.
"जलम शाळंत गेला तिचा.
परीक्षेला तेवढी कधी बसली न्हाई."

दुसऱ्या पिशवीचा कागद माझ्या खणात आहे.
सगळ्या सह्या झाल्यात.
उद्या करीन म्हणते.