सहा, नाहीतर नको

पहिल्यांदा दोनच आणले होते.
टाकी दोन फुटांची, पगार फेरीबोटीवरच्या खलाशाचा,
आणि मासे तळाशी फिरणारे, मिशांचे,
माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढे.
दोघे आठ दिवस फिल्टरच्या नळीमागे राहिले
भाडं थकलेल्या भाडेकरूंसारखे.
मी काच वाजवली.
वाजवू नये, हे नंतर कळलं.

म्हापशाचा आगुस्तीन हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाला,
"सव व्हर, ना जाल्यार एकूय नाका."
सहा ने, नाहीतर एकही नको.
घोळका नसला तर यांची भूकच मरते, पात्रांव.
मग वाळूचं विचारलं.
मी सांगितलं, मांडवीची,
रायबंदरच्या धक्क्याखालची, बादलीभर, सात पाण्यांनी धुतलेली.
तेव्हा त्याने वही मिटली.
तीत तिसऱ्यांच्या शिंपांचा चुरा असतो, म्हणाला,
पाणी जड होतं, आणि मिशा झिजतात.
अरे, ते मिशांनीच बघतात.

चार मासे आणि बारीक वाळूची जड पिशवी.
कदंबात खिडकीशी बसलो, पाण्याची पिशवी छातीशी.
शेजारची बाई पर्वरीपर्यंत बघत राहिली,
मग न राहवून: "इतक्या लहानांचं हुमण होतं?"

आता दुपारी पाळी नसली की खुर्ची उलटी करून बसतो.
एक जण डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो वाळूत,
कल्ल्यांतून वाळू सोडतो, विडी ओढल्यासारखी.
दुसरा लगेच तिथेच येतो,
तिथे काही नसतं, तरी येतो.
मग कारण नसताना सगळे थांबतात.
एक डोळा मिचकावतो.
शाणूला सांगितलं तर म्हणाला, माशाला पापणी नसते.
नसेल.

परवा चोडणहून शेवटच्या आधीची फेरी.
अकरा स्कूटर, बर्फाचा एक रिकामा टेम्पो,
झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेला एक माणूस.
मधोमध आलो आणि समोरचा अख्खा काठ विझला,
धक्क्यावरच्या दिव्यापासून वरच्या देवळाच्या माळेपर्यंत.
मला आधी पंप आठवला.
हवेचे बुडबुडे सोडणारा, रात्रभर गुरगुरणारा, एकशेऐंशी रुपयांचा.
नदीच्या मध्यावर फेरीबोट घाई करत नाही,
तिला ती सोयच नाही.
मी साखळी धरून उभा. शाणू म्हणाला, काय झालं?
म्हटलं, घरी वाट बघत असतील.
तो माझ्याकडे बघत राहिला.
आठ वर्षं आम्ही एकाच बोटीवर दोर टाकतो,
माझ्या घरी कोणी नाही हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक.

पाळी सुटल्यावर तो मागोमाग आला, डबा हातात तसाच.
विचारलं नाही मी, सांगितलं नाही त्याने.
दाराला कुलूप लावायचं राहिलेलं.
आत अंधार, पंप गप्प,
आणि पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक टुपूक आवाज.
बॅटरी थेट मारली नाही, हाताआडून धरली.
एक मासा तळातून सुटला,
वर जाऊन हवेचा घोट घेतला
आणि बादली विहिरीत पडावी तसा परत खाली.
मग दुसरा. मग बराच वेळ कोणी नाही.
शाणू उकिडवा बसला, चप्पल काढून, देवळात बसावं तसा.
बाहेर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला.

"पाचच आहेत," तो कुजबुजला.
"सहा."
"मोजले मी."
"एक वाळूत असेल. थांब."
त्याने डबा उघडला, पोळी अर्धी केली,
आणि आम्ही थांबलो.